थट्टेची सोयरीक

वर्गात माझा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून मला शाळेच्या शांतता समितीची प्रमुख केलं. मुख्याध्यापक सोको सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तसं सांगितलंच. "कपांब्वे बाईंनी एक हाक मारली की पोरंच काय, रस्त्यावरचे ट्रकसुद्धा थांबतात. माकडं खाऊन खाऊन घसा कसा मोकळा झालाय."

"उंदीर भाजून खाणाऱ्यांनी दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये," मी म्हटलं. "आणि तुम्ही कसले न्गोनी, सर? दक्षिणेतून निघालात तेव्हा मूठभर होता. वाटेत ज्याची त्याची पोरं उचलून जमाव वाढवलात."

"उचलली नाहीत हो, जेवायला बसवली," सर म्हणाले. "तुम्ही बेंबा त्यांना जेवायला घालत नव्हता, आमचा काय दोष?"

असं आमचं रोजचं. ते न्गोनी जमातीचे, मी बेंबा. आमच्या पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं आणि मग केव्हातरी कंटाळून ठरवलं की यापुढे फक्त तोंडाने भांडायचं. तेव्हापासून आम्ही थट्टेचे सोयरे. मी सरांना माझा गुलाम म्हणते, ते मला त्यांची गुलाम म्हणतात. मयताला गेलं तर सोयऱ्याने तिथेही चाळे करायचे, रडणाऱ्यांना हसवायचं. यात राग मानायचा नाही. जो रागावला तो हरला, त्याने सोयऱ्याच्या घरी कोंबडी नेऊन द्यायची. आणि कोणी हात उचलला तर त्याच्या साऱ्या घराने मान खाली घालायची. आमच्या काब्वे शहरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

तर समितीची प्रमुख झाले म्हणून मला लुसाकाला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका तरुण माणसाने आम्हाला हिंसेची शिडी दाखवली. मोठा रंगीत तक्ता होता. खालची पायरी टोमणे आणि नावं ठेवणं, मधली ढकलाढकली, वरची मारहाण. "मुलांना पहिल्याच पायरीवर थांबवा," तो म्हणाला. मी मान डोलवली. वाटलं, सोपं आहे.

तक्ता शाळेत लावला आणि गोंधळ सुरू झाला. सगळी शाळाच पहिल्या पायरीवर होती. बेंबा पोरं न्गोनींना गुलाम म्हणत होती, लोझी पोरी टोंगांना गुरंचोर म्हणत होत्या, आणि खिदळत होत्या. कोणाकोणाला थांबवणार? मी सरांकडे गेले. सर तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"या हिशेबाने तुम्हाला आणि मला आधी शाळेतून काढायला हवं," ते म्हणाले. मग आम्ही दोघांनी डोकं लढवून वाट काढली. तक्रार आली की मी आडनावं विचारायची. थट्टेचं नातं निघालं तर सोडून द्यायचं, नाही निघालं तर शिडी. मला ही वाट फार पसंत पडली. लुसाकाच्या त्या माणसाला हे कधी सुचलं नसतं, असंही मनात आलं.

बारावीच्या वर्गात तिसाउके जेरे नावाची मुलगी आहे. उंच, कामात नेटकी, बोलायला कमी. एकदा मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, ती रेजिना मला रोज बोलते."

"कोण, काटोंगो? काय बोलते?"

"गुलाम म्हणते. उंदीर आणलास का डब्यात, म्हणते. सगळ्यांसमोर."

मला हसू आलं. "अगं, तू जेरे म्हणजे न्गोनी, ती काटोंगो म्हणजे बेंबा. ती नाही बोलणार तर कोण बोलणार? तोंड आहे ना तुला? उत्तर दे."

ती जरा वेळ दारातच राहिली. मग "बरं, मॅडम" म्हणून गेली. मी परीक्षानळ्या मोजायला लागले आणि ती गोष्ट विसरून गेले.

बुधवारी दुपारी शाळेची साफसफाई असते. पोरं घरून कुदळी आणतात आणि मागच्या मैदानातलं गवत खणतात. पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता, गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. मी नळापाशी उभी होते. रेजिनाचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, तो तसा कोणालाही येतो.

"किती दिवस तोंड शिवून बसणार गं? खरी न्गोनी असतीस तर एव्हाना मला दहा उत्तरं दिली असतीस. बापाने शिकवलं नाही का काही? का तू जेरेंची नाहीसच?"

पोरी हसल्या. नळापाशी मीही हसले. आणि तिसाउकेने कुदळ उलटी धरून दांडा उचलला.

रेजिनाने हात मध्ये घातला म्हणून डोकं वाचलं. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. मी धावले, हाक मारली, ट्रक थांबले असतील कदाचित, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसाउके दांडा हातात धरून तशीच उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त गोंधळ होता.

दवाखान्यात रेजिना रडत नव्हती, नुसती चक्रावली होती. "मॅडम, वर्गात माझी न्गोनी सोयरी एवढी एकच. मला वाटलं, हिच्याशी मजा येईल. मी तर तिला बोलतं करत होते." तिची आई भाजीचा ठेला टाकून आली होती, ती मात्र मजेच्या मूडमध्ये नव्हती. तिला ती पोर शाळेत दिसायला नको होती.

सोको सरांना तर हे फारच लागलं. "न्गोनीच्या पोरीने थट्टेवर हात उचलला," ते म्हणाले. "बाई, मी तोंड कुठे लपवू? दुसरं कोणी असतं तर समज देऊन सोडलं असतं. हिला कशी सोडू? शुक्रवारी घरच्यांना बोलवा. शाळेतून नाव काढायचं."

"सर, बारावीचं वर्ष आहे."

"मग तिला ते कळायला हवं होतं."

त्यांनी मला माकड वगैरे काही म्हटलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

गुरुवारी मी तिसाउकेला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला तिला झापायचं होतं. थट्टा कळत नाही का, एवढं विचारायचं होतं.

"मॅडम, मी जेरे नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आईचं बाबांशी लग्न झालं तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. माझा बाप काओंदे जमातीचा. तिकडे सोल्वेझीला आहे म्हणतात. मी त्याला पाहिलेला नाही. बाबांनी शाळेत नाव घालताना जेरे लावलं."

मी स्टुलावर बसले. काओंदेंचं आणि आमचं थट्टेचं नातं नाही. म्हणजे रेजिना हिला महिनोन्महिने बोलत होती ती थट्टा नव्हतीच. म्हणजे तक्ता लागू. म्हणजे पहिल्या पायरीवर ही पोर माझ्या दारात आली होती आणि मी तिला आडनाव बघून परत पाठवलं. मला माझी चूक दिसली, आणि त्याच दमात सुटकाही.

"अगं वेडे, मग हे उद्या सगळ्यांसमोर सांग. तू सोयरी नाहीस, तुला छळलं जात होतं. सर तुला काढू शकणार नाहीत. रेजिनालाही समज द्यावी लागेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बारावी नापास झाले होते.

"आणि घरी जाऊन काय सांगू? बाबा गेले. आम्ही थोरल्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या, अंगणातल्या खोलीत राहतो. माझे दोन्ही भाऊ जेरे आहेत, त्यांना कोणी काही म्हणणार नाही. आई म्हणते, हा विषय काढू नकोस. एकदा का घरात कोण कुणाचं हे बघायला बसले, की मी एकटीच उरते. मला सोल्वेझीला पाठवतील. तिथे मला ओळखणारं कोण आहे?"

गप्प राहिली तर शाळा जाते, बोलली तर घर जातं. तक्त्यावर याची पायरी नव्हती.

"मॅडम, तुम्ही बाबांच्या मयताला आला होतात," ती म्हणाली.

आले होते. तिच्या बाबांची आणि माझी बाजारात जुनी चकमक होती. रिवाजाप्रमाणे मी त्यांची टोपी डोक्यावर चढवून त्यांच्यासारखी फेंगडी चालून दाखवली होती, आणि हा गुलाम माझी उधारी बुडवून पळाला म्हणून ओरडले होते. त्यांची बायको रडता रडता हसली होती. मी माझं काम चोख केलं याचं मला समाधान होतं.

"तुम्हाला राग आला का त्याचा?" नकळत मी तिला अहोजाहो केलं.

"नाही. मलापण हसू आलं. बाबा असते तर तेच सगळ्यांत मोठ्याने हसले असते. पण मी तोंड दाबून धरलं. ते हसू जेरेंचं होतं ना. मी हसले असते तर चोरी झाली असती." ती थांबली. "रेजिना बोलते तेव्हा मला उत्तरं सुचतात, मॅडम. चांगली सुचतात. पण ती देणारी मी कोण?"

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "उद्या काय बोलायचं ते तू ठरव." ती गेल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की मी एक चांगला चंबू फोडला.

शुक्रवारी सरांच्या खोलीत आम्ही बसलो. रेजिना प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आईशेजारी होती. तिसाउके भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडून आईऐवजी थोरले बाबा येणार होते. ते गिरणी चालवतात. अख्ख्या वस्तीचा मका दळतात. ते आले तेव्हा भुवयांवर पीठ तसंच होतं आणि काखेत एक लाल कोंबडी होती.

"माझ्या बेंबा गुलामांची सभा इथेच का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

कोणी हसलं नाही. सरांनी खुर्ची दाखवली. मग घसा साफ करून झाला प्रकार सांगितला, आणि सांगताना जेरेंकडे बघायचं टाळलं. शेवटी ते तिसाउकेला म्हणाले, "नाव काढण्याआधी तुला काही सांगायचं आहे का?"

मी तिच्याकडे पाहिलं. सांग, असंही मनात म्हटलं, आणि नको सांगू, असंही. तिने ओठ ओले केले.

"सर, मी..."

"ती काय सांगणार?" थोरले बाबा उठले. "जेरेंच्या पोरीने थट्टेच्या सोयरीवर हात उचलला. आमच्या घरात असं आजवर झालं नव्हतं. झालं. दंड जेरे भरतात." आणि त्यांनी कोंबडी टेबलावर सोडली. ती सरांच्या कागदांवरून दोन पावलं चालली आणि पेपरवेटपाशी उभी राहून आम्हाला बघू लागली.

"कोंबडीने हाड जुळतं का?" रेजिनाची आई म्हणाली. "माझ्या पोरीचा उजवा हात आहे. थट्टेचं तुमचं तुम्ही बघा, मला हाडाचं सांगा."

थोरले बाबा तिच्यापुढे जमिनीवर बसले. "हाड नाही जुळत, ताई. खरं आहे तुमचं. हात बरा होईपर्यंत तुमच्या पोरीचं दप्तर आमची पोर उचलील. वर्गातलं लिखाण ती लिहील. तुमचं दळण मी माझ्या हाताने घरी आणून टाकीन. आणि हिने हात उचलला तो चूकच. ते मी घरी बघितलंय, पुढेही बघीन."

तिने कोंबडीकडे एकदा पाहिलं. थोरले बाबा उठून माझ्याकडे वळले. "काय हो बेंबा मॅडम, आज जीभ माकडाने नेली वाटतं?"

आता सोयऱ्याने डिवचलं की उत्तर दिलंच पाहिजे. इतक्या वर्षांची सवय, विचार करायच्या आधी तोंड उघडतं. "तुमचं काय ऐकायचं, जेरे?" मी म्हटलं. "वाटेत सापडेल त्याची पोर उचलायची आणि तिला न्गोनी म्हणायचं, एवढंच तुम्हाला येतं."

शब्द बाहेर पडले आणि मला ऐकू आले. तिसाउकेचा चेहरा राखेसारखा झाला. जमीन फाटून मला आत घेईल तर बरं, असं मला वाटलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

थोरले बाबा मला उत्तर देत होते, पण बघत होते तिच्याकडे.

"उचललेली नाही हो, मॅडम. ही माझ्या भावाच्या लग्नात माझ्या खांद्यावर बसून आली. एवढीशी होती, माझे कान धरून बसली होती. तेव्हा जी बसली ती अजून उतरलेली नाही. मान दुखते माझी, पण तिला सांगायचं कोणी?"

सोको सर मोठ्याने हसले. रेजिनाच्या आईच्याही ओठाचा कोपरा हलला. त्यांना ते थट्टेतलं उत्तर वाटलं, आणि चांगलंच वाटलं. खोलीत फक्त तिघांना माहीत होतं की तो माणूस आत्ता अक्षरशः खरं बोलला आहे. त्याला ठाऊक होतं. त्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं, आणि ती पोर इतकी वर्षं त्याच्यापासून त्याचीच गोष्ट लपवत होती.

तिसाउके हसली नाही, रडलीही नाही. ती भिंतीपासून निघाली आणि रेजिनासमोर गुडघ्यांवर बसली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुझं हाड मोडलं त्याची मला लाज वाटते."

रेजिनाने खांदे उडवले आणि कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं.

"आणि तू विचारलं होतंस ना, मी जेरेंची आहे का," तिसाउके म्हणाली. "आम्ही जेरे वाटेत सापडेल त्याला घरी नेतो. तुलाही नेलं असतं. पण माकडं खाणाऱ्याला आमच्या चुलीपाशी कोण बसवणार?"

ही थट्टा होती का? की पुन्हा काही सुरू होत होतं? रेजिना तिच्याकडे बघत राहिली, तोंड जरा उघडं टाकून. मग ती म्हणाली, "बघा, बोलली. उंदीर बोलला," आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

नाव काढायचं रद्द झालं. दोन आठवडे तिसाउकेला साफसफाई आणि रेजिनाचं लिखाण. सरांनी हे जाहीर करताना मला पुन्हा माकड म्हटलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी उत्तर द्यायचं विसरले. कोंबडी रेजिनाच्या आईने नेली. जाताना ती थोरल्या बाबांना म्हणाली, "दळण बारीक हवं. मागच्या वेळेस भरड होतं." तिने माफ केलं असं मला वाटत नाही, पण दळण पाठवलं.

मी खोलीतून शेवटी निघाले. दार अर्धं उघडलं तर दोघी व्हरांड्यात होत्या. तिसाउकेच्या एका खांद्यावर तिचं दप्तर, दुसऱ्यावर रेजिनाचं.

"हळू चाल गं गुलामे, माझा डबा सांडेल."

"काय आहे डब्यात? माकडाचं शेपूट?"

"तुझ्यासाठी ठेवलंय. तुमच्यात अंगणातला उंदीर संपला असेल ना."

"संपला. तुझी आई मागून घेऊन गेली."

माझा पाय पुढे पडला होता. लुसाकाच्या तक्त्याप्रमाणे ही पहिली पायरी होती आणि मला त्यांना इथेच थांबवायचं होतं. आपल्या रिवाजाप्रमाणे मला हसून पुढे जायचं होतं. यांतलं काय करावं ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पुरतं कळत नाही. तेवढ्यात रेजिना काहीतरी बोलली आणि पलीकडून उत्तर आलं नाही. एक क्षण, दोन. मग तिसाउकेचा आवाज आला, आधीच्याहून मोठा, आणि दोघी कोपऱ्यावरून वळल्या.

मी दाराची कडी धरून तिथेच उभी राहिले आणि दोन आवाज येताहेत ना, ते ऐकत राहिले.